नांगी भरली

वृक्षारोपणाच्या बातमीला पाहुणा, खड्डा, रोप आणि झारी एवढे पुरते. यातले रोप सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत आधी जाते. ऐंशीच्या दशकात एका मराठी दैनिकाचा उपनगर वार्ताहर म्हणून मी या बातम्या इतक्या लिहिल्या की पावसाळा लागला की कार्यालयात माझ्या टेबलाला 'वनखाते' म्हणत.

उपनगर वार्ताहर म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतचा मुलूख माझ्याकडे होता. त्यात मोठे काही घडले, म्हणजे आग लागली किंवा इमारत कोसळली, की कार्यालयातून मोठा वार्ताहर येई आणि माझे काम त्याला रस्ता दाखवण्याचे असे. उरलेले सगळे माझे: पाणी न आलेल्या चाळी, अर्धवट राहिलेले पूल, शाळांची गॅदरिंग, नगरसेवकांची उद्घाटने. बातमी हाताने लिहायची आणि उशीर झाला असेल तर कांदिवली स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून फोनवर सांगायची. दुकानदार तेवढा वेळ गिऱ्हाइकांना हळू बोलायला लावी. खोकल्याचे औषध मागणारा मात्र ऐकत नसे.

आमच्या वृत्तसंपादकांचा वृक्षारोपणाबद्दल एकच नियम होता. ते म्हणत, "किती लावली ते पाहुणा स्वतःच सांगतो. गेल्या वर्षीची जगली किती, ते विचारून ये." हा प्रश्न समारंभात विचारला की चहा मिळत नसे. तरी मी तो विचारत असे, कारण वृत्तसंपादक मला तो विचारत.

त्या प्रश्नाच्या मागे जाताना काही गोष्टी पाहायला मिळाल्या. मुलुंडच्या एका शाळेत पाहुण्यांनी रोप पिशवीसकट पुरले होते. काही महिन्यांनी शिपायाने ते माझ्यासमोर वर ओढले तेव्हा काळी पिशवी जशीच्या तशी बाहेर आली, आत मुळांचा गुंता. घाटकोपरच्या टेकडीवर एका मंडळाचा खड्डा ठरलेला होता. खाली कातळ असल्यामुळे दर पावसाळ्यात लावलेले झाड उन्हाळ्यात मरे आणि पुढच्या पाहुण्यासाठी खड्डा तयारच मिळे. अंधेरीच्या एका कारखानदाराने तर रोपे भाड्याने आणली होती. फोटो झाल्यावर ती त्याच टेम्पोतून परत गेली. हे सगळे छापून आले, लोक हसले, आणि पुढच्या वर्षी मला निमंत्रणे थोडी कमी आली.

एका झाडाची गोष्ट मात्र कधी पूर्ण छापली गेली नाही. ती इथे लिहितो.

बोरीवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीजवळ, एक सरकारी रोपवाटिका होती. तारेचे कुंपण, पाण्याची एक सिमेंटची टाकी, पत्र्याची खोली आणि काळ्या पिशव्यांच्या रांगा. तिचा कारभार राणे नावाचा माझ्याच वयाचा गृहस्थ पाही. तो मालवणकडचा. वडील गिरणीत होते, भाऊही गिरणीत होता आणि संपानंतर कुठेच नव्हता. घरातली एकमेव सरकारी नोकरी राण्याची, त्यामुळे तो सांभाळून बोले. माझा प्रश्न ऐकून पहिल्याच भेटीत त्याने विचारले, "तू बातमी लिवतंस की पंचनामो करतंस रे?" तिथून आमची दोस्ती झाली.

रोपवाटिकेतली खरी कामे बायका करत. त्या सगळ्या रोजंदारीवर होत्या. त्यांच्यात सर्वांत जुन्या कडूबाई साळवे. जालन्याकडच्या, दुष्काळात नवऱ्याबरोबर मुंबईला आलेल्या, नंतर एकट्या राहिलेल्या. कुंपणाला लागून त्यांची झोपडी होती. आत बाबासाहेबांची तसबीर, बाहेर दारापाशी पत्र्याच्या जुन्या डब्यांत लावलेली झाडे. दिवसभर रोपांत काम करून घरी पुन्हा झाडे कशाला, असे राणे त्यांना चिडवी. त्या म्हणत, "ती सरकारची, ही माझी."

रोपवाटिकेचे काम बाहेरच्याला सोपे वाटते. माती, वाळू आणि शेणखत मिसळून पिशव्या भरायच्या, बी टोचायचे, पाणी घालायचे. पण यातले एक काम मला बरेच दिवस कळले नव्हते. ठरावीक काळाने बायका एका रांगेतल्या सगळ्या पिशव्या उचलून शेजारच्या रांगेत ठेवत. पुन्हा काही आठवड्यांनी त्या परत जागच्या जागी. मला वाटले, सरकारी काम आहे, काहीतरी हलवत राहायला हवे. राण्याने समजावले. पिशवी एका जागी फार दिवस राहिली की मूळ पिशवीच्या तळातून बाहेर पडते आणि खालच्या जमिनीत शिरते. मग रोप झपाट्याने वाढते, पण ते त्या जागेचे होते. उचलायला गेले की मूळ तुटते आणि रोप मरते. म्हणून मूळ जमिनीला लागायच्या आत पिशवी हलवायची.

कडूबाई शेजारीच बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एका जागी ऱ्हाऊ दिलं की कायम व्हतं बगा, म्हनून हलवायचं. आमाला बी त्याच्यासाठीच हलवत्यात."

बाकीच्या बायका हसल्या. राणे हसला नाही. रोजंदारीवरचा माणूस सलग ठरावीक दिवस भरला की कायम होण्याचा हक्क सांगू शकतो. म्हणून ते दिवस भरत आले की त्याला काही आठवड्यांसाठी घरी बसवायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी होती. तिला सगळे 'ब्रेक' म्हणत. त्या काळात दुसरी बाई कामावर घेत. मग पहिली परत येई आणि तिचे दिवस पुन्हा एकपासून सुरू होत. बायकांना कामावरून काढणारी यादी वरून येई, ती वाचून दाखवणे राण्याकडे होते. कडूबाईंना असे कितीतरी ब्रेक मिळाले होते. ब्रेकमध्येही त्या कुंपणाच्या पलीकडेच राहत असल्यामुळे रोपांकडे बघत बसत. एकदा राण्याने त्यांना बिनपगारी पाणी घालताना पाहिले आणि बाहेर काढले. आत दिसल्या तर दिवस मोजले जातील, अशी त्याला भीती होती.

आता झाडाकडे येतो. ते जांभूळ होते. जांभळाच्या एका बीतून कधी कधी दोन कोंब निघतात. रोपवाटिकेत त्यातला एक ठेवतात, दुसरा उपटून टाकतात. कडूबाईंनी एकदा असा दुसरा कोंब टाकून न देता घरी नेला आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावला. पहिला मोठ्या पिशवीत टाकीशेजारच्या कोपऱ्यात होता. त्यांच्या एका ब्रेकमध्ये आलेल्या नव्या बाईने रांगांमधल्या पिशव्या नीट हलवल्या, पण टाकीमागच्या कोपऱ्यात एक पिशवी आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. कडूबाई परत आल्या तेव्हा पिशवीतले मूळ जमिनीत गेले होते. त्यांनी हात लावून पाहिले आणि राण्याला सांगितले, आता हे हलवू नका, राहू द्या इथेच. टाकीतून गळणारे पाणी मिळून ते जांभूळ माणसाच्या डोक्याबरोबर आले. डब्यातले त्याचे भावंड कमरेइतके राहिले.

दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात वरून आदेश आला की सामाजिक वनीकरणाच्या आणि रोपवाटिकांच्या गौरवार्थ एक झाड लावायचे आहे. जागा बोरीवलीची रोपवाटिका, हस्ते राज्यमंत्री. फाटकाशेजारी, रस्त्यावरून दिसेल अशा बेताने खड्डा घेतला गेला. पाटी रंगवून आली. तिच्यावर 'रोपवाटिकांमध्ये राबणाऱ्या हातांच्या स्मरणार्थ' असे लिहिले होते. ज्यांच्या हातांबद्दल ती होती त्या बायका समोरच पिशव्या भरत होत्या. राण्याने पेंटरला परत बोलावले. त्याने 'स्मरणार्थ'वर रंग फासून 'गौरवार्थ' केले. खालची अक्षरे उन्हात थोडी दिसत.

समारंभाच्या आदल्या दिवशी लागवड अधिकारी आले. रांगांमधली रोपे गुडघ्याइतकी होती. इतके छोटे रोप लावायला मंत्र्यांना वाकावे लागेल, असे ते म्हणाले. मग त्यांना कोपऱ्यातले जांभूळ दिसले.

मी तेव्हा तिथे होतो, आमचा छायाचित्रकार परेरा बरोबर होता. राण्याने साहेबांना सांगून पाहिले, की याचे मूळ खाली गेले आहे, उचलले तर मरेल. साहेबांनी विचारले, किती खाली. ते राण्याला सांगता येईना, कारण ते पाहायचे तर खणावे लागले असते. साहेब म्हणाले, मग खणा. खणले. पिशवीच्या तळाखाली अंगठ्याएवढे मूळ सरळ जमिनीत गेले होते. एका गड्याने पहारीने ते तोडले. कडूबाई बघत होत्या. झाड उचलून फाटकाशी नेल्यावर त्या विळा घेऊन आल्या आणि पाने काढू लागल्या. मूळ तुटलेल्या झाडाची बहुतेक पाने काढून टाकली तर ते तग धरण्याची थोडी आशा असते. थोड्या मुळाला थोडीच पाने पोसता येतात.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी परेराकडे पाहून विचारले, "बिनपानांचं चालेल का फोटोला?"

परेरा मनोरीचा, सरळ बोलणारा. तो म्हणाला, "साहेब, मंत्री काठी लावतोय असं दिसेल. पानं पाहिजेत ना."

पाने ठेवली गेली.

दुसऱ्या दिवशी मंत्री आले. भाषण बरे केले. झाडे लावणारे फोटोत असतात, वाढवणारे नसतात, असे म्हणाले. हे वाक्य त्यांना कोणी लिहून दिले होते ते ठाऊक नाही, पण ते खरे होते. मग त्यांनी माईकवरच विचारले, हे एवढे मोठे झाड वाढवले कोणी? राण्याने कडूबाईंना पुढे केले. त्या पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. मंत्र्यांनी विचारले, नोकरी कायम आहे ना बाई? त्या म्हणाल्या, न्हाई साहेब. तेव्हा मंत्री लागवड अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही हे झाड जगवा. आणि साहेब, झाड जगलं की यांना कायम करून टाका. काय?"

टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. परेरा कडूबाईंना म्हणत होता, "मावशी, आता तरी हस ना जरा." फोटोत त्या हसलेल्या नाहीत. त्या झाडाच्या बुंध्याकडे बघत आहेत.

मी फोनवर बातमी सांगितली तेव्हा वृत्तसंपादकांनी मंत्र्यांच्या माणसाकडून वाक्य पक्के करून घ्यायला लावले. तो म्हणाला, छापा, चांगलेच आहे. 'झाड जगवा, कायम व्हा' या मथळ्याखाली ती आली, पहिल्या पानावर, खाली. राण्याने ती कडूबाईंना वाचून दाखवली. पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा त्यांनी मला विचारले, "पेपरवाले भाऊ, छापलंय म्हंजी हुईल ना?"

मी सांगितले, छापले म्हणजे मंत्री तसे म्हणाले, एवढेच. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना तेवढे पुरेसे वाटले असावे.

जांभूळ त्या वेळी हिरवे होते. पावसाची झड असेपर्यंत ते हिरवेच राहिले. उघडीप पडली तशी पाने मलूल झाली, कडा करपल्या, मग ती फांदीवरच वाळली. कडूबाईंनी बुंध्याला ओले पोते गुंडाळले, सावली केली, शेवटी राहिलेली पानेही काढली. साल नखाने खरवडून त्या रोज आतला रंग पाहत. हिरवा रंग वरून खाली उतरत गेला आणि एक दिवस जमिनीपाशी संपला.

त्यानंतर त्यांनी काय केले, ते मी राण्याकडून ऐकले. त्यांनी दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, मेलेले झाड उपटले. घरून तेलाचा डबा आणला, पत्रा कापला, आणि त्यातले जांभूळ त्याच खड्ड्यात लावले. लावण्याआधी अर्धी पाने काढली. पहिल्या झाडासाठी लोखंडी पिंजरा बसवला होता, त्याच्या वर पहिल्याचा शेंडा दिसत असे. दुसऱ्याचा शेंडा पिंजऱ्याच्या आत राहिला. राणे अस्वस्थ झाला. त्याने त्यांना बजावले, कोणी विचारले तर हे तेच झाड म्हणून सांगायचे. "जांभूळ तां जांभूळ. कोण इचारतला?" कडूबाईंनी ऐकून घेतले.

ते झाड जगले. उन्हाळ्यात रोपवाटिकेला टँकर वेळेवर आला नाही तेव्हा कडूबाई उद्यानाजवळच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून घालत, असे राणे सांगे. मधे त्यांना एक ब्रेक मिळाला. या वेळी राण्याने त्यांना कुंपणाच्या आत पाहिले तरी दुसरीकडे तोंड केले. झाड फाटकाबाहेर मोजले तर ते रस्त्यावर येते, म्हणजे त्याला पाणी घातलेले दिवस कामाचे धरले जात नाहीत, असा त्याने अर्थ लावला होता.

पुढच्या पावसाळ्यात त्या झाडाचा वाढदिवस करायचे ठरले. आधीच्या लागवड अधिकाऱ्यांची बदली झाली होती. नवे अधिकारी तरुण होते आणि, हे मुद्दाम लिहितो, चांगले होते. त्यांनी बातमी वाचली होती. कडूबाईंना कायम करण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वतःहून तयार केला होता. मंत्र्यांची अट झाड जगण्याची होती, ती पुरी झाली आहे असा शेरा तेवढा त्यांना जागेवर पाहून लिहायचा होता. बरोबर मी हवा होतो, कारण मूळ बातमी माझी. राण्याने मला बाजूला घेऊन हे सांगितले तेव्हा तो पहिल्यांदाच मोकळेपणाने हसताना दिसला.

अधिकारी पिंजऱ्यापाशी गेले. झाड हिरवेगार होते, तांबूस कोवळी पाने फुटली होती. त्यांनी वर पाहिले, मग पिंजऱ्याच्या आत पाहिले. गेल्या वर्षीचा फोटो त्यांनी पाहिला होता. ते हसत म्हणाले, झाड वर्षात लहान झालेले दिसते. राणे म्हणाला, छाटले होते. अधिकारी म्हणाले, असेल. मग ते कडूबाईंकडे वळले. त्यांना फक्त होकार हवा होता.

"बाई, हे तेच झाड ना?"

कडूबाई सरळ उभ्या होत्या. त्यांच्या आवाजात चोरटेपणा नव्हता, उलट काम दाखवणाऱ्याचा आवाज होता. त्या म्हणाल्या, "ते मेलं साहेब. म्या नांगी भरली."

मला नांगी म्हणजे विंचवाची नांगी एवढेच ठाऊक होते. अधिकाऱ्यांनाही बहुधा तेवढेच. त्यांनी राण्याकडे पाहिले. राणे घाईने म्हणाला, "म्हणजे खत घातलं, साहेब. त्यांच्याकडे तसं म्हणतात."

"खत न्हाई, राणेसाहेब," कडूबाई म्हणाल्या. आपण राण्याला मदत करत आहोत, असा त्यांचा समज होता. "खत निराळं. नांगी म्हंजी गेल्याल्या रोपाची जागा. ती रिकामी ठिवायची नसती. दुसरं लावलं. एकाच बीचं हाय, जुळं. बगा कसं आलंय."

शेतात पेरलेल्या ओळीत जिथे बी उगवले नाही किंवा रोप मेले, त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. तिथे वेळेवर दुसरे रोप लावणे म्हणजे नांगी भरणे. ज्याच्या शेतात नांग्या दिसतात तो आळशी, आणि ज्याने त्या भरल्या तो चांगला कामकरी. कडूबाई ज्या गावातून आल्या होत्या तिथे या उत्तराला शाबासकी मिळाली असती. त्यांच्या दृष्टीने साहेबांनी काम विचारले होते आणि त्यांनी काम सांगितले होते. झाड जगवा, याचा त्यांनी घेतलेला अर्थ असा होता की ती जागा रिकामी दिसता कामा नये.

अधिकाऱ्यांनी पिंजऱ्याची सळई धरली. त्यांनी आणखी एक संधी दिली. म्हणाले, म्हणजे मूळ झाडालाच पुन्हा फूट आली, असे ना? कडूबाई म्हणाल्या, न्हाई, ते मुळापासून गेलं. कधी गेले, पाने कशी वाळली, साल कशी पाहिली, हेही त्यांनी सांगितले. राणे जमिनीकडे बघत होता.

"मग अट पूर्ण झाली असं मला लिहिता येणार नाही," अधिकारी म्हणाले. हे त्यांनी कडूबाईंना नाही, मला सांगितले. त्यांच्याबरोबर कार्यालयातली दोन माणसे होती, त्यांनीही सगळे ऐकले होते. मी वार्ताहर होतो. माझ्यासमोर त्यांना दुसरे काही लिहिता आले नसते, हे नंतर माझ्या लक्षात आले. त्यांनी झाडाला पाणी घातले, चहा न घेता गेले.

कडूबाईंना काय झाले हे कळायला थोडा वेळ लागला. राण्याने त्यांना सांगितले, आणि सांगताना तो मालवणीवर गेला. एक हो म्हणायचे होते, एवढाच त्याचा मुद्दा होता. "हो म्हटल्यार काय जीभ झडतली हुती?" कडूबाई ऐकत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "मेल्याल्या झाडाला जितं कसं म्हनू? समद्यांनी बगितलंय." थोड्या वेळाने त्या पिशव्या भरायला बसल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी मला हाक मारून विचारले, त्या मंत्र्यानं झाड जगवा म्हनलं व्हतं, का तेच झाड जगवा म्हनलं व्हतं? तुमी लिवलंय ना?

मंत्री म्हणाले होते, "हे झाड." मी ते तसेच छापले होते. मी त्यांना तसे सांगितले.

संध्याकाळी वृत्तसंपादकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटले, एक मेले, एक जगले. ते म्हणाले, मग बातमी काय? मी थोडक्यात सांगितले. त्यांनी ऐकले, विचार केला, आणि म्हणाले, छापले तर त्या बाईंनी झाड बदलले एवढेच वाचकाला कळेल, आणि आहे ते कामही जाईल. बातमी दिली नाही. त्या दिवशी बोरीवलीतून माझी दुसरी बातमी गेली, पाणीकपातीची.

दशक संपता संपता रोपवाटिका बंद झाली. जमीन वसाहतीसाठी गेली. राण्याची बदली कोकणात झाली, त्याला ती हवीच होती. जाण्याच्या आधी नेता येतील तेवढ्या पिशव्या टेम्पोतून दुसरीकडे नेल्या. शेवटच्या वर्षी रोपे हलवायला पुरेशा बायका नव्हत्या, त्यामुळे अर्ध्या रांगांची मुळे जमिनीत गेली होती. ती रोपे तिथेच राहिली आणि पाया खणताना गेली. कडूबाई त्या वेळी ब्रेकवर होत्या. त्यांना कामावरून काढले असे कोणी म्हटले नाही. फक्त तो ब्रेक संपला नाही.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, कांदिवलीच्या बाजूला महामार्गालगतच्या एका खासगी नर्सरीत. तिथे सोसायट्यांच्या गच्चीसाठी कुंड्यांतली शोभेची झाडे विकत. माझ्या बायकोला तुळस हवी होती. कडूबाईंनी मला ओळखले, तुळस निवडून दिली आणि विचारले, "जगलं का हो ते?" मी म्हटले, जगले, पिंजऱ्याच्या वर गेले. "मंग पिंजरा काडा म्हनावं," त्या म्हणाल्या, "न्हाई तर खोडात रुततो." कोणाला सांगायचे ते त्यांनाही ठाऊक नव्हते आणि मलाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या तिथे नव्हत्या. मालक म्हणाला, गावी गेली. राण्यालाही पुढचे काही कळले नाही.

त्या जागेवर आता सोसायट्या आहेत. फाटक होते तिथे एका सोसायटीचे पार्किंग आहे आणि त्याच्या तोंडाशी जांभूळ आहे. खोडाला कमरेच्या उंचीवर खोलगट वळ आहे आणि त्यात लोखंडाचा तुकडा अडकलेला आहे. पाटी बरीच वर्षे होती. वरचा रंग आधी उडाला, त्यामुळे शेवटी शेवटी तिच्यावर 'स्मरणार्थ' एवढेच स्पष्ट वाचता येई. मग तीही गेली.

गेल्या उन्हाळ्यात मला त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. शहा नावाचे गृहस्थ, आवाज नम्र. कोणीतरी माझे नाव सांगितले होते. जांभळे गाड्यांवर पडून डाग पडतात, फरशीवर पाय घसरतो, एका बाईंचे मनगट मोडले. झाड काढायचा अर्ज केला आहे. पण एका जुन्या रहिवाशाने हरकत घेतली, की हे मंत्र्यांच्या हस्ते लावलेले, गौरवाचे झाड आहे. तसे असेल तर अर्ज पुढे रेटायचा नाही, असे कमिटीने ठरवले आहे. नसेल तर रेटायचा. कागद कोणाकडेच नाही.

"तुम्ही तेव्हा पेपरात होता ना, साहेब? त्या मिनिस्टरने लावलेलं झाड हेच का?"

नोकरीच्या काळात माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नव्हता. ही एवढी एक गोष्ट मी कधी कधी लोकांना सांगतो.

मी म्हणालो, "हेच."

"नक्की ना?"

"मी स्वतः तिथे हजर होतो."

यातले दुसरे वाक्य खरे आहे. शहांनी आभार मानून फोन ठेवला. झाड अजून आहे, पार्किंगच्या बाजूची एक मोठी फांदी तेवढी कापली आहे. कडूबाई त्या वेळी शेजारी बसलेल्या असत्या, तर त्यांनी मला तिथल्या तिथे दुरुस्त केले असते.